हेमाडपंती: एका नांवाचा हिशेब

चिखलीहून खामगांवकडे जाणाऱ्या रस्त्यावर अमडापूर लागतें. गांवाजवळच्या टेकडीवर बल्लाळदेवीचें ठाणें आहे, आणि नवरात्रांत आसपासच्या खेड्यांतील माणसें तेथें दर्शनास येतात. ह्या टापूंतील कोणाही वडीलधाऱ्या माणसास एखाद्या जुन्या दगडी देवळाविषयीं विचारावें, म्हणजे उत्तर ठरलेलें असतें: तें हेमाडपंती आहे. प्रश्न कोणी बांधलें असा असो, केव्हां बांधलें असा असो, कीं कसें बांधलें असा असो. तिन्ही प्रश्नांना हें एकच उत्तर पुरतें. साकेगांवचें महादेवाचें देऊळ हेमाडपंती, सातगांवचीं देवळें हेमाडपंती, कोथळीचीं हेमाडपंती, मेहकरची धर्मशाळा हेमाडपंती, आणि लोणारचें दैत्यसूदनाचें मंदिर तर ह्या सर्वांचा मुकुटमणि. एकाच शब्दाकडून इतकें काम करून घेतलें जातें, तेव्हां त्या शब्दाची थोडी झडती घेणें वावगें होणार नाहीं.

शब्द लोकांचा आहे, आणि लोकांच्या शब्दांस हलकें लेखण्याची संवय चांगली नव्हे. त्यामागें एक कथाही आहे. विभीषण आजारी पडला. हेमाडपंतानें त्यास औषध देऊन बरें केलें, आणि बक्षीस म्हणून लंकेहून राक्षस गवंडी मागून आणले. ते रात्रींतून देऊळ उभें करीत आणि उजाडलें कीं काम टाकून निघून जात. एखादें देऊळ अर्धवट कां राहिलें ह्याचा उलगडा ह्या कथेंत आपोआपच होतो. मोडी लिपिही त्यानेंच लंकेहून आणली आणि बाजरीचें पीकही त्यानेंच ह्या देशीं रुजविलें, असें सांगणारे सांगतात. लिहिण्याची लिपि, खाण्याचें धान्य आणि देवाचें घर ह्या तिन्ही गोष्टींचें जनकत्व लोकांनीं एकाच कारभाऱ्याच्या पदरांत घातलें, ह्यावरून त्या कारभाऱ्याचा दरारा केवढा असेल ह्याची कल्पना येते.

ऐतिहासिक हेमाद्रि कोण होता हें बरेंच स्पष्ट आहे. देवगिरीच्या यादवांपैकीं महादेव (सुमारें इ. स. १२६१ ते १२७१) आणि त्याच्या मागून आलेला रामचंद्र ह्या दोघांच्या कारकीर्दींत तो श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा मुख्य, होता. 'चतुर्वर्गचिंतामणि' हा त्याचा धर्मशास्त्रावरील प्रचंड ग्रंथ. त्यांतील व्रतखंडास जोडलेल्या राजप्रशस्तीचा यादवांची वंशावळ लावतांना डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ह्यांस मोठा उपयोग झाला. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'वर 'आयुर्वेदरसायन' नांवाची टीका त्याची आहे. विभीषणास औषध दिल्याच्या कथेचें मूळ कदाचित् ह्या वैद्यकींतच असावें. 'मुग्धबोध' व्याकरणाचा कर्ता बोपदेव हा त्याच्या आश्रयास होता. पंढरपूरच्या चौऱ्याऐंशीच्या शिलालेखांत त्याचें नांव येतें, तेंही विठ्ठलाच्या देवळास मिळालेल्या देणग्यांच्या संबंधांत. ह्या सगळ्या सामग्रींत धर्म आहे, वैद्यक आहे, दान आहे आणि दप्तर आहे. देऊळ कसें बांधावें हें सांगणारा शिल्पशास्त्रावरील स्वतंत्र ग्रंथ मात्र त्याच्या नांवावर प्रसिद्ध नाहीं.

आतां तिथींचा हिशेब पाहूं. कल्याणजवळच्या अंबरनाथचें देऊळ कोणीही खेडूत हेमाडपंतीच म्हणेल. त्यावरील लेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलाहार राजा माम्वाणि ह्याच्या वेळचा आहे. हेमाद्रि कारभारावर येण्यास तेव्हां तब्बल दोनशें वर्षें अवकाश होता. इतकें दूर जावयास नको. आमच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यांत बार्शीटाकळी येथें जें देऊळ आहे, तेथील लेख शके १०९८ चा, म्हणजे इ. स. ११७६ च्या सुमाराचा आहे. तोही महादेव यादवाच्या राज्यारोहणापूर्वीं सुमारें पंचाऐंशी वर्षांचा. म्हणजे ज्या रीतीस आपण हेमाडपंती म्हणतों, ती हेमाद्रीचा आजा जन्मण्यापूर्वींच पुरी वयांत आली होती. हेमाद्रीच्या काळांत कांहीं देवळें झालींच नसतील असें नाहीं. यादवांचें राज्य संपन्न होतें आणि सर्वाधिकाऱ्याच्या हातून दानें, दुरुस्त्या आणि नव्या बांधकामाच्या मंजुऱ्या होत असतीलच. माझा तर्क असा कीं, ज्याची सही शेवटची, त्याचें नांव मागच्या सर्व कामांवरही चढलें. सरकारी इमारतींच्या कोनशिला वाचणारास हा प्रकार अपरिचित वाटूं नये.

मग ही रीति आली कोठून? राजांच्या सीमा आणि कारागिरांच्या वाटा ह्या नेहमींच एक नसतात. अकराव्या-बाराव्या शतकांत वऱ्हाड हा तीन सत्तांच्या मध्यें सांपडलेला मुलूख होता. दक्षिणेस कल्याणीचे चालुक्य, पश्चिमेस हळूहळू डोकें वर काढणारे यादव, आणि उत्तरेस माळव्याचे परमार. यवतमाळ जिल्ह्यांतील डोंगरगांव येथील शके १०३४ चा, म्हणजे इ. स. १११२ चा लेख परमार जगद्देवाच्या काळचा आहे, म. म. वासुदेव विष्णु मिराशी ह्यांनीं तो संपादिला. माळव्यांत उदयादित्यानें बांधविलेलें उदयपूरचें उदयेश्वर मंदिर हें अकराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील. त्याच्या शिखराची जी घडण, तिला शिल्पग्रंथ भूमिज म्हणतात. शिखराच्या चार बाजूंवर मधोमध चार उभ्या पट्ट्या माथ्यापर्यंत धांवतात आणि त्यांच्या मधल्या जागेंत शिखराच्याच लहान लहान प्रतिकृति ओळीनें एकावर एक रचलेल्या असतात. लांबून पाहिलें तर मण्यांच्या माळा उभ्या टांगल्यासारख्या दिसतात. अंबरनाथ आणि सिन्नरचा गोंदेश्वर हीं ह्याच कुळांतलीं. माळव्याची ही तऱ्हा आणि कर्नाटकांतली खांबांची व छतांची कलाकुसर ह्या दोहोंचा मिलाफ दख्खनच्या काळ्या दगडावर झाला. बाप एक नसून घरें दोन आहेत, आणि ह्या संसाराचें पहिलें अंगण जितकें देवगिरीस तितकेंच आमच्या वऱ्हाडास मिळालें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

'हेमाडपंती' ह्या शब्दानें व्यवहारांत जी गोष्ट ओळखली जाते, ती शिखराची नव्हे. ती आहे चुन्यावांचून रचलेल्या दगडाची. ती खूण खरी आहे, आणि तिचें मर्म समजून घेण्यासारखें आहे.

चुना दोन दगड चिकटवितो असा सामान्य समज आहे. जुन्या बांधणींत त्याचें मोठें काम म्हणजे दोन ओबडधोबड पृष्ठांमधली पोकळी भरून वरचा भार सारखा वांटून देणें. पोकळीच राहिली नाहीं तर चुन्याचें कारणही राहत नाहीं. म्हणून हे कारागीर दगडाचीं बसण्याचीं पृष्ठें इतकीं सपाट घाशीत कीं वरचा दगड खालच्यावर सर्वांगीं टेकावा. जेथें सरकण्याचें भय असेल तेथें एकांत खांच आणि दुसऱ्यास कूस ठेवून ते एकमेकांत अडकवीत. पुढचें सारें वजनानें साधतें. ह्या देवळांत खरी कमान कोठेंही नाहीं. कमान बाहेर ढकलते, आणि ती ढकल सोसण्यास चुना व जाड पाखे लागतात. तुळई मात्र सरळ खालीं दाबते. परंतु दगड दाब जितका सोसतो तितका वांक सोसत नाहीं. तुळई लांब झाली कीं पोटाशीं तडकते. म्हणून खांब जवळ जवळ ठेवावे लागतात, आणि म्हणूनच ह्या सभामंडपांत शिरतांच आपण वनांत शिरलों असें वाटतें. तें वन हौसेचें नसून दगडाच्या स्वभावाचें आहे. खांबाच्या डोक्यावर जे बुटके, पोट सुटलेले, हात वर करून भार पेलणारे कीचक कोरलेले असतात, त्यांचेंही खरें काम हेंच: खांबाचा माथा बाहेर काढून तुळईची उघडी लांबी थोडी कमी करणें. विनोद आणि गणित हे एकाच दगडांत इतक्या सलोख्यानें नांदतांना इतरत्र फारसे आढळत नाहींत.

छताची युक्ति तर मुलांना कागदावर काढून दाखविण्यासारखी आहे. चार तुळयांचा एक चौकोन घ्या. त्याच्या चारही कोनांवर एकेक त्रिकोणी शिळा आडवी ठेवा. मध्यें जी जागा उरते ती पुन्हां चौकोनच, पण लहान आणि तिरपी. तिच्या कोनांवर पुन्हां चार शिळा. असें दोन-तीनदां केलें कीं मधलें भोंक एका शिळेनें झांकण्याइतकें राहतें, आणि त्या शेवटच्या शिळेवर खालून कमळ कोरतात. प्रत्येक थराचा बाहेरचा भाग वरच्या वजनाखालीं दाबलेला असल्यामुळें आंतला भाग खालीं येत नाहीं. वर्तुळाकार छतें ह्याच तत्त्वावर, वलयामागून वलय थोडें थोडें पुढें काढून, केलेलीं असतात.

आणि दगड कोणता? आमचा सह्याद्रीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण. हा घण घालतांना जीव काढतो, पण एकदां घडला कीं धार सोडीत नाहीं. त्याचा एक दोष असा कीं, तो प्रकाश पिऊन टाकतो. संगमरवरावर पुसट रेघही दिसते. काळ्या पाषाणावर उथळ काम दहा पावलांवरून नाहींसें होतें. ह्यावर आमच्या सूत्रधारांनीं जो उपाय काढला, तोच ह्या शैलीचा प्राण होय. त्यांनीं भिंत सपाट ठेवलीच नाहीं. जोत्यापासून वरपर्यंत आडव्या पट्ट्या खोल खोल कापल्या, म्हणजे प्रत्येक पट्टीखालीं सावलीची एक रेघ पडते; आणि उभी भिंत कोनाकोनांनीं मोडली, म्हणजे एक पाखें उजेडांत तर लगतचें सावलींत राहतें. कोरीव काम वाचावयाचें तें ह्या सावल्यांवरून. भर दुपारीं डोक्यावरच्या उन्हांत देऊळ पाहून "फार कांहीं नाहीं" असें म्हणून परतणारे लोक अर्धेंच देऊळ पाहून येतात.

लोणारचें दैत्यसूदन मंदिर हें ह्या कोनांच्या खेळाचें आमच्या जिल्ह्यांतील सर्वांत मोठें उदाहरण. लोणारला बहुतेक लोक सरोवरासाठीं जातात, आणि तें योग्यच आहे. उल्का आदळून काळ्या पाषाणांत झालेलें, सुमारें पावणेदोन किलोमीटर व्यासाचें असें विवर पृथ्वीवर दुर्मिळ. परंतु गांवांतलें देऊळ हें त्या सरोवराचेंच एक भाष्य आहे, हें पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. लवणासुर नांवाचा दैत्य जमिनीखालीं दडून लोकांस छळीत असे. विष्णूनें तरुणाचें रूप घेऊन त्याच्या बिळावरचें झांकण पायानें उडविलें आणि त्यास मारिलें. तें बीळ म्हणजे हें विवर, खारें पाणी तें दैत्याचें, आणि उडालेलें झांकण म्हणजे ढाकेफळ गांवाजवळची टेकडी, असें सांगतात. एवढा खळगा आपोआप झाला नसावा, आकाशांतून कांहीं तरी जोरानें आदळलें असावें, अशी शंका ज्या कोणास प्रथम आली त्याच्याजवळ शास्त्र नव्हतें, पण नजर होती!

मंदिर लांबीस १०५ फूट आणि रुंदीस साडेचौऱ्याऐंशी फूट, सुमारें पांच फूट उंचीच्या जोत्यावर उभें आहे. त्याची आंखणी ताऱ्यासारखी आहे, पण सारख्या टोंकांच्या ताऱ्यासारखी नव्हे. एक चौकोन आपल्या मध्याभोवतीं थोडा थोडा फिरवीत गेलें असतां त्याचे कोपरे जशीं टोंकें काढतील, तशीं टोंकें भिंतीस निघालीं आहेत. मधून मधून सरळ पाखें ठेवून तीं तोडलीं आहेत. प्रदक्षिणा घालतांना त्यामुळें भिंत क्षणभरही एकसारखी राहत नाहीं. एक कोन मागें सरतो, दुसरा पुढें येतो, आणि त्यावरच्या मूर्ति जणूं एकीमागून एक वळून पाहतात. बाहेरच्या ह्या भिंतींवर देव आहेत, सुरसुंदरी आहेत, वादक आहेत. कांहीं मिथुनशिल्पेंही आहेत, आणि कुटुंबासह गेलेल्या गृहस्थांस तेथून पावलें जरा लवकर उचलावींशीं वाटतात. त्याची कांहीं जरूर नाहीं. ज्यांनीं तीं कोरलीं त्यांनीं देवाच्या घराबाहेर सारा संसार उभा केला, त्यांत हाही एक भाग आला.

आंत गेल्यावर मान वर करावी. छतावर नरसिंह हिरण्यकशिपूस फाडतो आहे, कृष्ण कंसास मारतो आहे, आणि दैत्यसूदन लवणासुरास पायांखालीं घेऊन उभा आहे. हीं शिल्पें निवडतांना त्या सूत्रधारानें एकच सूत्र धरलेलें दिसतें: प्रत्येक ठिकाणीं दैत्य मरतो. देवळाच्या नांवाची ही टीकाच म्हणावयाची. स्थानिक दंतकथेचा लवणासुर पुराणप्रसिद्ध हिरण्यकशिपूच्या आणि कंसाच्या पंक्तीस नेऊन बसविला, म्हणजे लोणारचें एक खारें तळें एकदम सर्व भारताच्या कथेंत जाऊन बसलें. ही कल्पना कोणाची? राजाची असेल, पुराणिकाची असेल, कारागिराचीही असेल. तिला 'हेमाडपंती' म्हटलें कीं हा प्रश्न विचारण्याची वेळच येत नाहीं, आणि माझी ह्या शब्दाविषयींची मुख्य तक्रार हीच आहे.

कर्नाटकांतील आमच्या बंधूंची स्थिति ह्या बाबतींत बरी आहे. बेलूरच्या चेन्नकेशव मंदिरांत कांहीं मूर्तींच्या पायथ्याशीं कोरणाऱ्यांचीं नांवें आहेत. बळ्ळिगावीचा दासोज आणि त्याचा मुलगा चावण हे त्यांपैकीं. सोमनाथपूरच्या देवळावर मल्लितम्म हें नांव पुनः पुन्हां येतें. हा मल्लितम्म तेराव्या शतकांतला, म्हणजे हेमाद्रीचा समकालीनच. तेथें राजाचें नांव राजाकडे, सेनापतीचें सेनापतीकडे आणि शिल्प्याचें शिल्प्याकडे राहिलें. आमच्याकडे तिघांचीं नांवें मिळून एका दप्तरदाराच्या खात्यावर जमा झालीं.

पाहणाऱ्यानें ठेवलेलें नांव दगडाचा अर्थच कसा पालटून टाकतें, ह्याचें ह्याहूनही तीव्र उदाहरण पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकास, मेक्सिको देशांतील ओआहाका नांवाच्या खोऱ्यांत, सांपडतें. तेथें झापोटेक लोकांनीं ख्रिस्तापूर्वीं सुमारें पांचशें वर्षें एका डोंगराचा माथा सपाट करून त्यावर नगर वसविण्यास आरंभ केला. इसवीच्या आठव्या शतकाच्या सुमारापर्यंत तें भरभराटींत होतें. आज त्यास मोंते आल्बान म्हणतात. हें नांव स्पॅनिश लोकांच्या वेळचें. तेथील एका जुन्या इमारतीपाशीं उभ्या शिळांवर माणसांच्या आकृति कोरलेल्या सांपडल्या. अशा शिळा तीनशेंहून अधिक आहेत. हातपाय वेडेवांकडे फेंकलेल्या ह्या नग्न आकृति पाहून आरंभींच्या पाहणाऱ्यांनीं त्यांस 'नाचणारे' असें नांव दिलें, आणि तें रूढ झालें. पुढें बारकाईनें पाहणाऱ्यांस दिसलें कीं ह्यांचे डोळे मिटलेले आहेत, ओंठ उघडे पडले आहेत, अंगें सैल लोंबतात, आणि कांहींच्या शरीरांवर छेद केल्याच्या खुणा आहेत. इ. स. १९६२ मध्यें मायकेल को ह्या अमेरिकन अभ्यासकानें हे मारलेले कैदी आहेत असें मांडलें, आणि आज बहुतेक विद्वान् त्याच बाजूचे आहेत. जयस्तंभास जत्रेचा फलक समजावें तसा हा प्रकार! आणि मौज अशी कीं, अर्थ बदलला तरी नांव सुटलें नाहीं. पाट्यांवर आणि पुस्तकांत ते अजून 'नाचणारे'च आहेत.

त्याच खोऱ्यांत मित्ला म्हणून दुसरें स्थान आहे, आणि त्याचें बांधकाम आमच्या विषयाच्या अधिक जवळचें. हें नांवही परक्यांचें. मध्य मेक्सिकोंतील नावात्ल भाषेंत त्याचा अर्थ मृतांची जागा. झापोटेक लोक त्यास ल्योबा, म्हणजे विसांव्याची जागा, म्हणत. येथील वाड्यांच्या भिंतींवर माणूस नाहीं, पशु नाहीं, देव नाहीं. आहेत त्या केवळ पायऱ्यापायऱ्यांच्या आणि वळ्यावळ्यांच्या भूमितीच्या पट्ट्या. त्या एका शिळेंत कोरलेल्या नाहींत. लहान लहान चिपा घासून, एकीस एक बेतून, जोडांत चुना न घालतां त्या अशा बसविल्या आहेत कीं उजेड तिरपा पडला म्हणजे सारी भिंत विणलेल्या वस्त्रासारखी दिसते. एका दालनांत अखंड दगडाचे सहा खांब आहेत; दारांवरच्या तुळया एकेका प्रचंड शिळेच्या. खरी कमान त्यांसही ठाऊक नव्हती. आमच्या कारागिरांशीं त्यांचा कांहीं संबंध नव्हता, असूं शकत नव्हता; मध्यें दोन महासागर होते. तरी जोडाची चोख घासणी आणि सावलीनें रेघ ओढण्याची युक्ति दोन्हीकडे निघाली. तशाच अडचणींतून तसेच उपाय निघतात, आणि मूळ कोणाचें, नक्कल कोणाची, असा वाद घालणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. स्पॅनिश पाद्र्यांनीं पुढें मित्लाच्या वाड्यांच्या जागेवरच, त्यांतलेच दगड वापरून, चर्च बांधिलें. तें अजून तेथें आहे.

दगड उचलून नेण्याची ही गोष्ट ऐकून आपण पाद्र्यांस बोल लावण्याची घाई करूं नये. वऱ्हाडांत जुन्या देवळांचे दगड गढ्यांच्या भिंतींत गेले, विहिरींच्या पायऱ्यांत गेले, घरांच्या उंबऱ्यांत गेले. खांबाचें एखादें खोड पारावर बसावयास, द्वारशाखेचा एखादा तुकडा धुणें धुवावयास, असे प्रकार कोणत्या तालुक्यांत नाहींत? जे दगड देव म्हणून राहिले त्यांच्यावर शेंदराचीं पुटें चढत गेलीं, आणि अलीकडे तर तेलाच्या रंगाचे डबे आले. वीरगळ ह्या शेंदराखालीं विशेष सांपडला आहे. खालच्या चौकटींत पडलेला वीर, मधल्या चौकटींत अप्सरा त्यास नेतांना, आणि वरच्या चौकटींत तो शिवलिंगापुढें हात जोडून बसलेला, अशी ही दगडी मृत्युवार्ता असते. गांवासाठीं, बहुधा गुरें सोडवितांना, मेलेल्या त्या माणसास गांव आतां मारुती म्हणून किंवा म्हसोबा म्हणून नारळ फोडतें. मानमरातब कमी नाहीं, पण माणूस गेला.

ह्या सगळ्याच्या मुळाशीं अनास्था आहे असें म्हणण्याची चाल आहे. मला तसें पूर्णपणें वाटत नाहीं. लोकांस ह्या देवळांचा अभिमान आहे. बाहेरगांवच्या पाहुण्यास ते आवर्जून दाखवितात. परंतु जी वस्तु सर्वत्र सारखीच आहे असें आपण मानतों, तिचा एक नमुना गेला तरी हळहळ होत नाहीं. सारींच हेमाडपंती, मग साकेगांवचें पाहिलें काय आणि कोथळीचें पाहिलें काय! वास्तविक साकेगांवचें देऊळ लहान आहे, लोणारचें विस्तीर्ण आहे. मेहकरची धर्मशाळा तर देऊळच नव्हे, मध्यें उघडा चौक आणि भोंवतीं खांबांच्या ओवऱ्या असलेली ती वाटसरूंची जागा आहे. त्याच मेहकरास इ. स. १८८८ मध्यें जमिनींतून शार्ङ्गधर बालाजीची भव्य मूर्ति निघाली. ती पाहिल्यावर, जिच्यासाठीं अशी मूर्ति घडविली गेली तें मेहकर केवढें असेल, हा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. दोन-दोन पिढ्यांचे, निरनिराळ्या हातांचे, निरनिराळ्या खर्चाचे हे उद्योग आहेत. हेन्री कझिन्स ह्या इंग्रज अधिकाऱ्यानें दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरील आपला ग्रंथ इ. स. १९३१ मध्यें प्रसिद्ध केला, त्यांत आमच्या भागांतील देवळें एकेक करून पाहिलेलीं आहेत. त्या धर्तीवर प्रत्येक गांवाचें टिपण मराठींत व्हावयास हवें: खांब किती, त्यांपैकीं किती सारखे, द्वाराच्या ललाटावर गणपति कीं दुसरें कोणी, छत कोणत्या युक्तीचें, कोणता दगड मागाहून बसविलेला. ह्यास विद्वत्ता लागत नाहीं. एक मोजपट्टी, एक वही आणि शाळेंतलीं चार चलाख मुलें पुरतात.

शब्द टाकून द्यावा असें माझें म्हणणें नाहीं, आणि तो कोणी टाकणारही नाहीं. मित्लाचें मित्ला राहिलें, नाचणारे नाचणारेच राहिले, हेमाडपंतीही राहील. हेमाद्रीसारखा पंडित कारभारी ह्या भूमीस लाभला, त्याची आठवण दगडास चिकटून राहिली तर त्यांत वाईट कांहींच नाहीं. तो शब्द उच्चारल्यावर पुढें आणखी एक वाक्य यावें, एवढेंच: कोणत्या शतकाचें, कोणत्या देवाचें, कसल्या छताचें.

लोणारच्या देवळाचा माथा अपुरा आहे. जें काम वर झालें आहे त्यावरून तेथें निमुळतें शिखर चढवावयाचें होतें असें दिसतें. राक्षस गवंडी उजाडतांच पळून गेले असें कथा म्हणते. पैसा सरला असेल, धनी गेला असेल, किंवा देवगिरीवर १२९६ मध्यें जें संकट कोसळलें त्याच्या आगेंमागें उत्तरेकडचा सारा मुलूख विस्कटला तेव्हां माणसें पांगलीं असतील. तिन्ही शक्य आहेत. देवळाच्या मागच्या अंगास थोडें दूर उभें राहून भिंतीचा एकच कोन धरावा आणि तो जोत्यापासून पट्टी पट्टी चढत वर न्यावा. जेथें तो शिखरांत वळावयाचा तेथें येऊन थांबलेला दिसतो.